बालकांची पहिली डोंगरवाट

दोन चाकांवर तोल सावरू लागलेल्या बालकास टेकडीची ओढ लागते. त्याच्यासाठी पहिली वाट कशी निवडावी, हे आम्ही येथे सांगतो.

आपल्या मलकपेठेभोवतीचा, किंबहुना अवघ्या हैदराबादचा खडक सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे. तो झिजून झालेला मुरूम उतारावर सुटा पसरला असेल, तर ब्रेक दाबताच चाक घसरते. म्हणून वाट घट्ट मातीची व रुंद असावी. १०० फुटांत ५ फुटांहून अधिक चढ नसावा. उताराच्या शेवटी मोकळे मैदान असावे. रहदारी, भिंत वा पाणी नसावे. वडीलधाऱ्यांनी ती वाट प्रथम स्वतः पायी पाहून यावी.

तत्पूर्वी सपाटीवर सराव हवा. नगराच्या पश्चिमेस, बाह्य वळणरस्त्यालगत, २०२३ साली सौर छपराचा २३ किलोमीटरांचा सायकलमार्ग खुला झाला. अशा वाहनरहित जागी दोन्ही ब्रेक एकदम, पण हळुवार दाबण्यास शिकावे. बैठकीवरून पाय जमिनीस टेकावेत. मस्तकी शिरस्त्राण असावे.

बालमित्रहो, शिखराची घाई नको. सुखरूप उतरलेले मूलच पुन्हा आनंदाने चढावयास निघते.