मालदीव राष्ट्रीय संरक्षण दल

हिंदी महासागरातील सु. १,२०० प्रवाळबेटांच्या मालदीव प्रजासत्ताकाचे सैन्य. बेटे दूरवर विखुरलेली असल्याने सागरी गस्तीला त्याच्या कार्यात विशेष महत्त्व आहे. बाहेरून मदत येईपर्यंत तग धरणे ही लहान सैन्याची कसोटी १९८८ मध्ये लागली. ३ नोव्हेंबर रोजी समुद्रमार्गे आलेल्या तमिळ भाडोत्री सैनिकांनी राजधानी मालेवर हल्ला केला, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सेवा या तत्कालीन दलाने आपले मुख्यालय लढवून राखले. राष्ट्राध्यक्ष गयूम यांच्या विनंतीवरून त्याच रात्री आग्र्याहून भारतीय छत्रीधारी सैनिक हुलहुले विमानतळावर उतरले व उठाव मोडला. ओलिसांसह पळालेले जहाज ‘गोदावरी’ व ‘बेटवा’ या भारतीय युद्धनौकांनी अडविले. २००४ मध्ये पोलीस विभाग स्वतंत्र झाला आणि २००६ मध्ये दलास विद्यमान नाव मिळाले.