हद्दीबाहेरचं माधवनगर

सांगलीहून तासगावकडे निघालं की साखर कारखान्याचा परिसर मागे पडतो आणि थोड्याच वेळात माधवनगर येतं. शहर नेमकं कुठं संपलं हे सांगणं अवघड. घरं तशीच, दुकानं तशीच, वडापच्या रिक्षाही त्याच. बदलतो तो फक्त पाट्यांवरचा पत्ता. शनिवार पेठ, रविवार पेठ, मंगळवार पेठ. कारभार ग्रामपंचायतीचा आणि पेठा वारांच्या, हा थाट जिल्ह्यातल्या किती गावांना असेल? गावाकडून शहराकडे सरकत आलेली वस्ती ही नव्हे. हे गाव ठरवून बाजारपेठ म्हणून वसवलेलं आहे.

पटवर्धनांचा इतिहास या भागात सगळ्यांना पाठ, म्हणून तो इथे धावताच. १७६४ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी गोविंद हरी आणि त्यांच्या भाऊबंदांना मिरजेकडचा मोठा सरंजाम दिला. एका बाजूला हैदरअली, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर. मधली सरहद्द सांभाळायला भरवशाची माणसं हवी होती. सरहद्द राखली गेली, पण घर काही एकसंध राहिलं नाही. १८०१ च्या सुमारास सांगलीची पाती वेगळी झाली. १८२० मध्ये मिरजेच्याही पुन्हा वाटण्या झाल्या. त्यांतून उरलेल्या धाकट्या पातीची राजधानी बुधगाव. जेमतेम दोनशे चौरस मैलांचं हे संस्थान, तेही सलग नव्हतं. काही गावं इथे, काही सोलापूरच्या अंगाला, काही थेट धारवाडकडे. नकाशावर शाईचे शिंतोडे उडावेत तसं.

एवढ्याशा संस्थानाला वेगळी बाजारपेठ कशाला लागते, असा प्रश्न पडतो. उत्तर रेल्वेच्या रुळांत आहे.

पुणे–मिरज मीटरगेज मार्ग १८९० च्या सुमारास सुरू झाला, तो सांगली गावाला बगल देऊन. मोठी पेठ सांगलीत आणि मुख्य लाइन बाहेरून! शेवटी सांगली संस्थानानं १९०७ मध्ये मिरजेपर्यंत स्वतःचा फाटा टाकला. बुधगावकरांच्या हद्दीतून मात्र मुख्य मार्ग आयताच गेला होता. १८९९ मध्ये लहान वयात गादीवर आलेल्या माधवराव हरिहर ऊर्फ बाबासाहेब पटवर्धनांच्या काळात या मोक्याच्या जागेवर पेठा आखल्या गेल्या. माधवनगर हे नाव त्यांचंच. त्या दिवसांत एका संस्थानातून दुसऱ्यात माल न्यायचा म्हणजे वेगळा कारभार, वेगळे कर. सांगलीच्या पेठेला खेटून, पण तिच्या अमलाबाहेर दुकान टाकायला मिळत असेल, तर व्यापारी ते सोडतो कशाला? थोरामोठ्यांच्या बोलण्यात ही गोष्ट आजही थोडी मिरवतच येते. सांगलीला शह दिला, असा तिचा सूर असतो.

असं धाडस करणारं बुधगाव एकटं नव्हतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जागा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. तीही याच रेल्वेमार्गावर. महसूल तोकडा असलेल्या संस्थानिकांना उद्योगाचं मोल मोठ्यांच्या आधी कळलं, असं म्हणायला हरकत नाही. किर्लोस्करवाडीवर भरपूर लिहिलं गेलं. माधवनगरच्या वाट्याला गॅझेटिअरमधल्या चार ओळी.

पेठेमागोमाग कापड आलं. माधवनगर कॉटन मिलनं कित्येक घरांच्या चुली पेटवल्या. मिल बंद पडली आणि गावाचा कापडाशी असलेला धागा यंत्रमागांवर उरला. गल्लीतून चालताना पत्र्याच्या शेडमधून येणारा खडखडाट अजून कानावर पडतो. पूर्वी तो गावभर होता म्हणे. अशाच एका शेडमध्ये एक वयस्क जॉबर भेटतात. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य, पण नाडी हातानं नव्हे, कानानं बघणारा. बारा माग एकदम चालू असताना त्यांनी बोलता बोलता मान वळवली आणि तिसऱ्या मागाकडे बोट केलं. धोटा (शटल) पेटीत नीट बसत नव्हता. कामगारानं माग थांबवला. जॉबरनी धोट्याला मारणाऱ्या लाकडी काठीचा पट्टा अर्धा बोट आवळला, चाक हातानं फिरवून धोटा एकदा इकडून तिकडे नेला, परत आणला आणि दांडा ओढला. खडखडाट सुरू. सगळा मामला दोन मिनिटांचा.

एक धोटा त्यांनी दाखवायला पुढे केला. लाकूड वापरून वापरून तुळतुळीत झालेलं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, पोटात सुताची कांडी आणि कडेला सूत बाहेर काढायचं बारीक भोक. जुने कामगार कांडी बदलली की या भोकाला तोंड लावून सूत ओढून घेत. सुताबरोबर कापसाची कस्पटंही छातीत जात. ‘नव्या मशीनला धोटाच नाही, मग मला कोण विचारणार?’ असं ते हसत म्हणाले. रेपियर माग धोट्याशिवाय चालतो, वेगानं चालतो आणि बिघडला तर तंत्रज्ञ बाहेरून येतो. मजुरी पिकावर, म्हणजे कापडात किती आडवे धागे पडले त्यावर. साध्या मागाला हा हिशेब परवडेनासा झाला, तसे अनेकांनी माग किलोच्या भावानं भंगारात घातले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. पुढे त्या गावाचं नाव देशभर झालं. माधवनगरचा जॉबरही कामापुरता तिकडेच जातो.

इथली संस्थानं ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. ज्या सांगलीपासून वेगळं राहण्यात या पेठेचा जन्म, तिचंच नाव आता जिल्ह्याला. बुधगाव संस्थानची धारवाडकडची गावं भाषावार प्रांतरचनेत आजच्या कर्नाटकात गेली.

हद्दीचा वाद तरी मिटला का? १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. माधवनगर बाहेर राहिलं. महापालिकेची जकात आणि पुढे स्थानिक संस्था कर (एलबीटी) असेपर्यंत बाहेर राहण्यात व्यापाऱ्याचं उघड हित होतं. आता जीएसटी आल्यावर तो फायदा गेला. तरीही हद्दवाढीचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. तरुण म्हणतात, गटार, पाणी, रस्ते हे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. जुनी मंडळी म्हणतात, आत जाऊन कुपवाडला काय मिळालं ते आधी बघा. घरपट्टी वाढेल ही धास्ती मात्र दोन्ही तटांना सारखीच. नगरपालिका हवी, महापालिका नको, असा तिसरा पक्षही आहे आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पेठा, बाजार, कारखानदारी सगळं असलेल्या गावाला सरपंचाच्या सहीवर किती दिवस चालवणार?

ज्या रेल्वेनं गाव घडवलं, तिनंच अलीकडे गावाची कोंडी केली. दुहेरीकरणाच्या कामासाठी सांगली–माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडला. नवा पूल काही महिन्यांत होणार होता; मुदती उलटत गेल्या. सांगलीत कामाला, कॉलेजला, दवाखान्यात जाणारे जुन्या बुधगाव रस्त्यानं वळसा घालू लागले. मुख्य रस्त्यावरच्या दुकानदारांच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम लगेच दिसला. पुलासाठी मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. त्या गर्दीत हद्दवाढीच्या बाजूचे होते आणि विरोधातलेही.