हडळीचें गाऱ्हाणें

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या तिठ्याला रत्नागिरीचा फाटा फुटतो. या आपल्या कोंकणांत भुतांची दाटी जेवढी, तेवढीच त्यांची वर्गवारीहि रेखीव. सवाष्ण मेली तर जाखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणांत गेली तर अळवंत किंवा हडळ. एन्थोवेन यांच्या कोंकणांतील लोकसमजुतींवरील १९१५ सालच्या इंग्रजी ग्रंथांत हीं नांवें आढळतात. मेल्यावरहि बाईची ओळख तिच्या कुंकवावरून आणि कुशीवरूनच व्हावयाची!

पाश्चात्यांच्या रक्तपिपासु पिशाच्चाची, म्हणजे व्हँपायरची, कथाहि याहून फार निराळी नव्हती. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) लूसी पिशाच्चाच्या दंशानें बाधित होते, आणि तिचा वाग्दत्त वरच तिच्या छातींत खुंट ठोकून तिला मुक्त करितो. तिचें म्हणणें कोणी विचारीत नाहीं. अलीकडच्या अमेरिकन लेखिकांनीं मात्र या पिशाच्चास बोलतें केलें. ज्यूएल गोमेझ यांची गिल्डा (१९९१) ही गुलामगिरींतून पळालेली मुलगी. ती रक्त घेते, पण मोबदला दिल्यावांचून नाहीं, आणि तिची कथा भविष्यकाळांत २०५० पर्यंत जाते. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'फ्लेजलिंग'मधील (२००५) शोरी शास्त्रीय प्रयोगानें सांवळी झाली आहे, म्हणून तिला ऊन सोसतें. तेथें प्रश्न असा कीं, जिच्या दंशाची माणसाला ओढ लागते, तिला त्यानें दिलेली संमति कितपत खरी?

आपल्या हडळीलाहि एकदां तिचें म्हणणें विचारावें, असें आम्हांस वाटतें. उत्तरेकडील तिची बहीण चुडेल तरुणांचें रक्त शोषिते, अशी समजूत आहे. परंतु बाळंतपणांतील मृत्यूंचें एक मोठें कारण रक्तस्राव हेंच होय. म्हणजे जिचें रक्त गेलें, तिच्यावरच रक्त पिण्याचा आळ! दुसरें कारण सूतिकाज्वर. व्हिएन्ना येथें सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं डॉक्टरांस औषधी पाण्यानें हात धुवावयास लाविले, आणि मृत्यु झपाट्यानें घटले. त्या बाईस उतारा नको होता. स्वच्छ हात हवे होते.

२०१८-२० च्या सरकारी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत एक लाख जिवंत जन्मांमागें ३३ माता दगावल्या. सबंध देशांत ९७. आंकडा उतरला आहे, शून्य झालेला नाहीं. हातखंब्याहून रत्नागिरीची वाट लांब नाहीं. माजघरांतील चर्चा लांबतां कामा नये. सुनेचे ओठ पांढरे पडलेले ज्या घरास वेळींच दिसतात, त्या घरानें हडळीचें भय बाळगण्याचें कारण नाहीं.