जुलाबात बाळाचे पाणी तोडू नका

बाळाला जुलाब लागले की पोटाला आराम म्हणून त्याचे खाणेपिणे बंद करण्याची चूक अनेक घरांत होते. खरा धोका असतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजून असंख्य रुग्ण वाचवले. ओआरएस त्याच तत्त्वावर काम करते.

१ लिटरसाठीचे पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळा. द्रावण दाट झाले तर अपाय होतो. २४ तासांनी उरलेले टाकून द्या. २ वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा द्या. अंगावरचे दूध चालूच ठेवा. डॉक्टरांनी दिलेले झिंक, जुलाब थांबले तरी, १४ दिवस पूर्ण करा.

बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा ते काहीच पीत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.