तो खडक नव्हता: मालवणच्या समुद्रात उतरण्यापूर्वी

बेंगळुरूतल्या मराठी घरांमधून दर दिवाळीच्या आधी मला एक प्रश्न हमखास येतो. "मालवणला जातोय, स्नॉर्केलिंग करू की स्कूबा? मुलांना नेऊ का? आणि तिथे खरंच प्रवाळ दिसतं का?" आज या सगळ्याची उत्तरं देणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण आजचा सगळा विषय त्या चुकीतूनच निघाला आहे.

मी पहिल्यांदा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात स्नॉर्केलिंगला उतरलो तेव्हा मला नीट तरंगता येत नव्हतं. लाइफ जॅकेट होतं, तोंडात नळी होती, तरी जीव घाबरा झाला. खाली हात-दीड हातावर एक गोल खडक दिसला. त्यावर दोन्ही पाय टेकवून मी उभा राहिलो, डोकं पाण्याबाहेर काढलं आणि फोटोसाठी अंगठा दाखवला. पायाखाली खारी मोडावी तसं काहीतरी कुरकुरलं. मी लक्ष दिलं नाही. माझ्याबरोबर उतरलेला मुलगाही काही बोलला नाही. होडीत बसलेले म्हातारे नाखवा मात्र ओरडले, "दादानू, थंय पाय ठेवू नकात, तां जिवंत आसा!"

मी ज्याच्यावर उभा होतो, तो खडक नव्हता. ते प्रवाळ होतं.

प्रवाळ म्हणजे नक्की काय?

आपल्याला पोवळं माहीत असतं ते अंगठीतलं, मंगळाचा खडा म्हणून घातलेलं. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं आणि ते एका प्राण्याचा उरलेला सांगाडा असतं. मालवणला दिसणारी प्रवाळं वेगळ्या जातीची आहेत. काही मेंदूसारख्या नक्षीची, काही गोल घुमटासारखी, काही थाळ्यासारखी पसरलेली. रंग बहुतेक तपकिरी, हिरवट, पिवळसर. टीव्हीवर दिसतात तशी गुलाबी-जांभळी बाग शोधायला जाल तर हिरमुसाल.

हे झाड नाही आणि दगडही नाही. एकेक गोळा म्हणजे हजारो छोट्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राणी मऊ पिशवीसारखा, तोंडाभोवती बारीक शुंडा असलेला. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा या घरमालकाला देतं. घरमालक आपल्या बुडाशी चुनखडीचा थर घालत जातो. आपल्याला दगड वाटतो तो हा थर. जिवंत भाग म्हणजे वरची पातळ साय. आपला पाय नेमका त्या सायीवर पडतो.

आता वेगाचा हिशेब बघा. अशी गोल प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे कळशीएवढा गोळा पंधरा वर्षांचा तरी असतो. मी अर्धा मिनिट उभा राहिलो होतो.

मालवणचं अभयारण्य

महाराष्ट्र सरकारने 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्रफळ 29.12 चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच्या तटाला लागून असलेल्या खडकाळ पाण्यात ही प्रवाळं वाढतात.

इथल्या मच्छीमारांनी या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला, आणि त्यांची भीती समजून घ्यायला हवी. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळं टाकलं, तिथे उद्या बंदी आली तर चूल कशी पेटणार? पुढे पर्यटन वाढलं. मासेमारी करणाऱ्या घरांतली कितीतरी मुलं होड्या चालवू लागली, पर्यटकांना पाण्यात उतरवू लागली. आज त्यातल्या अनेकांची कमाई या जिवंत गोळ्यांवर चालते. प्रवाळ मेलं तर मासे कमी होतात आणि पर्यटकही येत नाहीत, म्हणजे जाळं आणि होडी दोन्ही रिकामी.

कायदाही आहे. आपल्याकडची ही दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. तोडणं, विकणं, घरी आणणं हा गुन्हा आहे. शोकेससाठी "पडलेला तुकडा" उचलणंही त्यातच येतं.

त्यांना मारतं कोण?

सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. ते लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येऊ शकतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं असं चौथं मोठं संकट जाहीर केलं. आधीची तीन 1998, 2010 आणि 2014 ते 2017 या काळातली. मालवणलाही प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत.

तुम्ही म्हणाल, मग माझ्या एका पायाने काय होतं? आजारी माणसाला धक्का द्यायचा नसतो, एवढंच त्याचं उत्तर. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्याच पाण्यात अभ्यास करून पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळ तुटत असल्याचं 2020 मध्ये मांडलं. समुद्राचं तापमान आपल्या हातात लगेच येणार नाही. आपला पाय मात्र आजच आपल्या ताब्यात आहे.

मग जायचं कसं?

जरूर जा, पण तयारीने. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. पाणी सगळ्यात स्वच्छ असतं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तरीही जवळच खाडीचं तोंड असल्याने गढूळ दिवस येतात. सकाळची वेळ धरा.

पहिल्यांदा जाणार असाल तर स्नॉर्केलिंग पुरे. निघण्याआधी बेंगळुरूतल्या एखाद्या जलतरण तलावात दोन-तीन दिवस मास्क आणि नळी लावून सराव करा. पालथं पडून, पाय न आपटता तरंगायला शिका. जो घाबरतो तोच पाय टेकवतो. माझं तसंच झालं.

होडीत बसण्याआधी तीन गोष्टी विचारा. नांगर कुठे टाकता, वाळूत की प्रवाळावर? माशांना ब्रेड-बिस्किट घालता का? फोटोसाठी खाली धरायला लावता का? उत्तरं पटली नाहीत तर दुसरी होडी बघा. ब्रेडमुळे मासे जवळ येतात खरे, पण ते त्यांचं अन्न नाही. जे मासे शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवतात, ते आपलं काम सोडून ब्रेडमागे धावतात.

सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला घातक मानली जातात. पलाऊ देशाने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून त्यांच्यावर बंदी आणली.

स्कूबा करायचं तर सर्दी, दमा, हृदयविकार, गर्भारपण यातलं काही लपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणून कानाचे दडे उतरताना सतत मोकळे करायचे. आणि वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, नाहीतर फुप्फुसातली हवा फुगून इजा होते.

बेंगळुरूकरांसाठी एक खास सूचना

ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्कूबा करताना दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण बाहेर पडण्याआधी आपण उंचावर गेलो तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, असा नियम आहे. "आम्ही गाडीने जातो, विमानाचा काय संबंध?" संबंध आहे. हा सल्ला साधारण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीलाही धरतात. आंबोली घाट चढलात की तुम्ही त्याच्या वर असता, बेळगाव त्याहून वर, आणि आपलं बेंगळुरू नऊशे मीटरच्याही वर. दुपारी डाइव्ह आणि संध्याकाळी परतीचा रस्ता, असा बेत आखू नका. डाइव्ह आधी उरका, शेवटचा दिवस किल्ला, बाजार आणि सोलकढीसाठी ठेवा. नुसतं स्नॉर्केलिंग केलं असेल तर ही अडचण नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो, त्याच नाखवांच्या होडीतून. त्यांनी ओळखलं नाही, मीही आठवण दिली नाही. या वेळी अर्धा तास तरंगलो, एकदाही पाय टेकवला नाही. खाली तसाच एक गोळा दिसला, आणि त्याच्या फटीतून दोन काळे-पिवळे मासे आत-बाहेर करत होते. माझ्या पायाखाली मोडला तो गोळा कुठला, ते मला सापडलं नाही. होडीत चढताना नाखवांनी हात दिला आणि विचारलं, "गावला मां बघूक?"

गावलं. तुम्हालाही गावेल, फक्त पाय वर ठेवा.