कार्ड नवे, तरी खेळ अडखळतो!

संगणकावरच्या खेळात धावणारी मोटार खरे म्हणजे धावत नसते. सिनेमाप्रमाणेच येथेही स्थिर चित्रे एकामागून एक येतात. मात्र सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात. खेळातले प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी तयार करावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवीत, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात.

मोटार कोठे वळली, कशावर आदळली हा हिशेब प्रोसेसर करतो. त्यावरून चित्र रंगवते ग्राफिक्स कार्ड. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्याचा हिशेब मांडत असतो. समजा, प्रोसेसरला २० मिलिसेकंद लागतात व कार्डाला ८. चित्रे मिळतील सेकंदाला ५०. आता ४ मिलिसेकंदांत रंगवणारे महागडे कार्ड आणले, तरीही ५०च! वडिलांचे पैसे मात्र गेले.

मागे कोण पडते, हे विकत घेण्यापूर्वीच ओळखता येते. चित्रसंख्या बांधून ठेवणारी सोय खेळात चालू असल्यास ती बंद करा आणि रेझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. रंगवायचे बिंदू २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात. प्रोसेसरचा हिशेब जवळजवळ तेवढाच राहतो. चित्रे बरीच वाढली, तर कार्ड मागे पडत होते. फारशी वाढली नाहीत, तर बहुधा प्रोसेसर.

कार्डाचे परीक्षण वाचतानाही परीक्षकाने प्रोसेसर कोणता जोडला होता ते आधी पाहावे. तो बहुधा अतिवेगवान असतो. तुमच्या घरचा तसा असेलच असे नाही.