तोट्यातल्या गाडीचा हिशेब

नेरळला फलाटाच्या एका कडेला दोन फुटी रूळ दिसतात. माथेरानची गाडी सुटते ती तिथून. सर आदमजी पीरभॉय यांनी 16 लाख रुपये घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी डोंगर चढली. पैसा खासगी होता, सरकारचा नव्हे.

वीस-एकवीस किलोमीटरची ही वाट म्हणजे नुसती वळणं आणि वीसास एक असा चढ. त्यासाठी जर्मनीहून आणलेल्या वाफेच्या इंजिनांत मोठी गंमत होती. पुढची आणि मागची आस वळणावर जराशी बाजूला सरकायची, म्हणून सहा चाकांचं धूड इतक्या आवळ वाकणातूनही निघून जाई.

आज गाडी मध्य रेल्वेची आहे. तिकिटाच्या पैशांत तिचा खर्च निघत नाही, आणि पाऊस तर दरवर्षी नवं बिल पाठवतो. 2005 च्या अतिवृष्टीनंतर ती 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2019 च्या पावसात पुन्हा मार्ग वाहून गेला. नेरळपासूनची पूर्ण फेरी सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. ‘कशाला हा पांढरा हत्ती?’ असं विचारणारे तेव्हाही होते.

पण हिशेब तिकीटखिडकीवर संपत नाही. माथेरानात मोटारींना बंदी. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. शेजारच्या अमन लॉज स्थानकापासून बाजारापर्यंतची या गाडीची शटल चालू असली की म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया निर्धास्त वर येतात, मुक्काम करतात. चिक्की, चपला, खानावळी, लॉज सगळ्यांचा गल्ला त्यावर हलतो. घोडेवाले आणि हमाल यांचं गणित मात्र उलटंही असतं: शटलमध्ये बसलेला माणूस त्यांचं गिऱ्हाईक नसतो. त्यात आता ई-रिक्षाही आली. सरकारी पैशाने गावाची कमाई वाढते, पण ती सगळ्यांच्या ताटात सारखी पडत नाही, हे एवढ्याशा बाजारातही दिसतं.

म्हणून गाडी तोट्यात चालली तरी चालू द्यावी, असं माझं मत आहे. फक्त तो तोटा एकट्या रेल्वेच्या माथी नको. नगरपरिषद पर्यटकांकडून प्रवासी कर घेते. त्यातला ठरावीक वाटा रूळ आणि दरडींच्या कामासाठी राखून ठेवावा, आणि दरवर्षी किती खर्च झाला तो आकडा दस्तुरी नाक्यावर फलकावर लावावा.